पाईकसाठी लूर कोणता, हे सगळ्यात शेवटी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गावाकडे बंधाऱ्यावर मरळ धरण्यात हात बसलेला आहे, आता नोकरीमुळे नेदरलँड्समध्ये ॲम्स्टेलफेनला आलात आणि रॉडबरोबर वीसेक लुरांचा, म्हणजे नकली आमिषांचा, डबा घेतलात. एक पाईक (गोड्या पाण्यातला लांबट, दातेरी शिकारी मासा) लागला, तो दोरी कापून लूर घेऊन गेला. दुसरा काठावर आला, पण ट्रेबल हुक, म्हणजे तीन काट्यांचा गळ, इतका आत गेला होता की गवतावर बराच वेळ खटपट करावी लागली, आणि सोडल्यावर मासा कुशीवर होऊन तरंगत गेला. आता विचारताय, पाईकसाठी नेमका कोणता लूर घेऊ?

लूर सांगतो, पण शेवटी. दोन्ही वेळा लूरने त्याचं काम चोख केलं होतं. कमी पडली ती लूरच्या पुढची हातभर वायर आणि खिशातला चिमटा. या देशात पाईकला लूर घ्यायला लावणं फारसं कठीण नाही. हा मासा भुकेपोटी घेतो, चिडून घेतो, कधी समोरून काही लकाकत गेलं एवढ्यावरच झडप घालतो. त्याला धडधाकट परत पाठवणं हे खरं कसब, आणि इथल्या बऱ्याच पाण्यांत ते तुमच्या मर्जीवर सोडलेलं नाही. म्हणून खरेदीसुद्धा त्याच क्रमाने करा.

पहिली वायर. पाईकच्या टाळूवर मागे झुकलेल्या बारीक दातांचे पट्टे असतात. धरलेलं सावज सुटू न देणं हे त्यांचं काम. खालच्या जबड्याच्या कडेला मात्र मोठे, सुटे, धारदार दात असतात. तुमची दोरी तिथेच गेली. ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, सरळ ताणाला कितीही चिवट असली तरी दातावर घासली की क्षणात तुटते, नायलॉनचंही तेच. मरळीला जाड नायलॉनचा लीडर (लूरच्या पुढचा दोरीचा तुकडा) पुरतो, त्यामुळे ती सवय घेऊन इथे येणाऱ्यांचं पाईक हमखास नुकसान करतो. लूर गेला तर पैसे गेले, ते सोडून द्या. पण दोन ट्रेबलनी जबडा शिवलेला मासा पाण्यात फिरत राहतो, त्याला खाता येत नाही, आणि त्यातून तो मरू शकतो.

स्टीलची किंवा टायटॅनियमची वायर घ्या, लांबी ३० ते ४० सेंटीमीटर, ताकद किमान १० किलो. एका टोकाला स्विव्हल (फिरती कडी), दुसऱ्या टोकाला चांगला स्नॅप (लूर अडकवायची उघडती कडी). स्टील स्वस्त, पण एकदा मुरड पडली की ती वायर टाकून द्यायची, सरळ करून पुन्हा वापरायची नाही. टायटॅनियम महाग पडतं, पण वाकून परत सरळ होतं आणि महिनोन्‌महिने टिकतं. काही अनुभवी मंडळी मिलिमीटरभर जाडीचा फ्लोरोकार्बन (पारदर्शक दोरा) लावतात, वायर माशाला दिसते म्हणून. मला गढूळ पोल्डरमध्ये (पाणी उपसून मिळवलेल्या सखल जमिनीतल्या चाऱ्यांत) हा फरक कधी जाणवला नाही, आणि नव्या माणसाला मी तो सल्ला देत नाही. आणखी एक: लहान लूर लावला म्हणजे लहान मासाच येईल असं पाईकच्या पाण्यात गृहीत धरता येत नाही. बोटभर रबरी मासोळीवर मीटरभराचा पाईक येतो. तेव्हा बार्स (पर्च, एक लहान शिकारी मासा) पकडायला निघालात तरी पातळ वायर लावाच.

रॉडबद्दल फार बोलत नाही. २.१० ते २.४० मीटर, ५० ग्रॅमपर्यंत फेकणारा, ३००० आकाराचं रील, ०.१५ ते ०.१८ मिलिमीटरची ब्रेड. तुमच्याकडे याच्या जवळपास काही असेल तर नवं घेऊ नका. फार नाजूक रॉड मात्र टाळा. मासा दमवून दमवून आणण्यात मौज वाटते, पण त्याची किंमत मासा भरतो.

आता चिमटा. साधी घरातली पक्कड चालत नाही. २५ ते २८ सेंटीमीटर लांब, निमुळत्या तोंडाचा चिमटा हवा, म्हणजे तुमची बोटं दातांच्या बाहेर राहतात. दुसरं, हुक कापणारा कटर. तोही असा की जाड ट्रेबलचा काटा एका दाबात तुटला पाहिजे. दुकानातच जुना हुक मागून तपासून बघा. तिसरी रबराचा लेप दिलेली मोठी जाळी. गाठींच्या जाळीत माशाच्या अंगावरचा चिकट थर खरवडला जातो, आणि ट्रेबल असे गुंततात की सोडवता सोडवता संध्याकाळ होते. चौथी अनहूकिंग मॅट, म्हणजे मासा ठेवायची ओली मऊ गादी. इथल्या लोकांच्या हातात ही गादी दिसली की सुरुवातीला आपल्याला हसू येतं. मग पाईक एकदा काठावरच्या फरशीवर आपटलेला बघितला की हसू जातं. शिवाय घरी बसल्याबसल्या सगळ्या हुकांचे उलटे काटे चिमट्याने दाबून सपाट करा. दोरी ताणलेली ठेवली तर मासे त्याने फारसे सुटत नाहीत, आणि हुक काढणं निम्म्याहून सोपं होतं.

प्रत्यक्ष मासा आल्यावर काय करायचं, ते सावकाश सांगतो. मासा जाळीत घेतला की जाळी पाण्यातच राहू द्या. त्याचे कल्ले पाण्यात आहेत तोवर घाई नाही. गादी पसरा, तिच्यावर पाणी ओता, चिमटा आणि कटर हाताशी ठेवा, फोटो काढायचा असेल तर फोन तयार ठेवा. मग हात ओले करून मासा गादीवर घ्या. डाव्या हाताची दोन बोटं त्याच्या कल्ल्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूने, झाकणाच्या कडेला चिकटून, हनुवटीकडे सरकवत न्या. दोन्ही बाजूंची झाकणं हनुवटीखाली जिथे जुळतात तिथे हाडाची खोबण लागते. बोटं तिथे थांबवायची, अंगठा बाहेरून हनुवटीवर. आतल्या लाल कल्ल्यांना बोट लागता कामा नये. तिथून रक्त आलं की माशाची शाश्वती नाही. पकड नीट बसली की हनुवटी जराशी वर उचला, तोंड आपोआप उघडतं. जबडा फाकवायची स्प्रिंग दुकानात मिळते, ती घेऊ नका. टोकदार असते, जीभ आणि टाळू फाडते, आणि या पकडीपुढे तिची गरजही नाही.

हुक ओठात असेल तर चिमट्याने धरून उलटा फिरवला की निघतो. घशात असेल तर तोंडातून झटापट करू नका, तुमच्या दुसऱ्या माशाचं बहुतेक तेच झालं. कल्ल्याच्या झाकणाखालून, कल्ल्यांच्या कमानींमधल्या फटीतून कटर अलगद आत घाला आणि ट्रेबलचे काटे एकेक तोडा. मग उरलेले तुकडे तोंडातून सहज बाहेर येतात. तीस-चाळीस सेकंदांत मार्ग दिसला नाही तर मासा जाळीसकट पाण्यात ठेवा, श्वास घेऊ द्या, मग पुन्हा. ट्रेबल किरकोळ किमतीचा असतो, तो वाचवायला जाऊ नका.

फोटोसाठी मासा उभा टांगू नका. एक हात हनुवटीत, दुसरा पोटाखाली, झोपलेलं लेकरू उचलताना देतो तसा आडवा आधार द्या, आणि स्वतः गुडघ्यावर बसा, म्हणजे निसटला तरी गादीवरच पडेल. सोडताना पाण्यात सरळ धरून ठेवा. पुढेमागे घुसळायची गरज नाही. कल्ले उघडझाप करताना दिसले आणि शेपटीत जोर आला की तो स्वतः निघून जातो.

मरळीच्या सवयीचा सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. मरळीला कल्ल्यांच्या वरच्या बाजूला हवेतून श्वास घेणारा अवयव असतो. ओल्या गवतावर ती तासन्‌तास जिवंत राहते, पोत्यात घालून बाजारात नेली तरी वळवळत असते. तिला हाताळलेल्या माणसाला वाटतं, मासा म्हणजे काटक. पाईक दिसायला दांडगा, पण हवेत त्याला काहीच करता येत नाही. एका झेपेत सगळी ताकद लावायची अशी त्याची शरीररचना. झुंज लांबली की स्नायूंमध्ये आम्ल साचतं आणि ते उतरायला वेळ लागतो. त्यात पाणी गरम असेल तर प्राणवायूही कमी. जुलै-ऑगस्टमध्ये पाणी २० अंशांच्या वर गेलं की मी पाईकच्या मागे जात नाही. मासा व्यवस्थित पोहत गेल्यासारखा दिसतो आणि नंतर मरतो, आपल्याला कळतही नाही.

नियम आता पटकन. इथे अंतर्देशीय पाण्यात मासेमारीला फिसपास लागतो; तो एखाद्या मासेमारी संघाचं सभासदत्व घेतलं की मिळतो आणि वर्षभराचा असतो. छोटा, स्वस्त असा एक ‘क्लाइने फिसपास’ही आहे, तो तुमच्या कामाचा नाही, कारण त्यावर लूर चालत नाहीत. कोणतं पाणी तुमच्या पासात येतं ते फिसप्लॅनर ॲपवर नकाशासकट दिसतं. एकाच रस्त्याच्या डाव्या बाजूचा कालवा चालतो आणि उजव्या बाजूचा चालत नाही, असंही असतं. १ मार्चपासून मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत पाईकचा बंद काळ. चुकून लागला तर लगेच सोडायचा. १ एप्रिलपासून त्याच शनिवारपर्यंत लूर वापरायलाच बंदी, अडीच सेंटीमीटरपेक्षा लहान कृत्रिम माशी तेवढी चालते. आयसलमेर या मोठ्या सरोवराचे नियम वेगळे आणि बंदी जास्त लांब. जिवंत मासा आमिष म्हणून लावणं देशभर निषिद्ध आहे, आपल्याकडे जिवंत बेडूक किंवा मासोळी लावतात तसलं काही इथे करू नका. पाईकची किमान लांबी कायद्याने ४५ सेंटीमीटर आहे, पण बहुतेक संघांनी त्यांच्या पाण्यातून पाईक नेण्यावर सरसकट बंदी घातली आहे. तसाही त्याच्या मांसात इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराचे काटे असतात, कालवणात जिवाला घोर. मासा खायचाच असेल तर मासळीवाल्याकडून स्नूकबार्स (झँडर) आणा.

आठवड्याच्या शेवटी गाडी काढून जर्मनीत जाणार असाल तर हे सगळं उलटं होतं, ते लक्षात असू द्या. तिथे परवान्यासाठी आधी परीक्षा द्यावी लागते, आणि खाण्याचा हेतू नसताना मासा पकडून सोडणं प्राणिसंरक्षण कायद्याखाली अडचणीत आणू शकतं. सीमेच्या अलीकडे जी गोष्ट सक्तीची, तीच पलीकडे गुन्हा ठरू शकते.

पाणी कसं वाचायचं हा भाग मला सगळ्यात आवडतो. तुमच्या दक्षिणेला, ॲम्स्टेल नदी आणि आल्समेरजवळचा वेस्टआइंडरप्लासेन तलाव यांच्या मध्ये पोल्डरचा पट्टा आहे. कुरणांमधून सरळ आखलेल्या चाऱ्या, मीटरभर खोल, कधी त्याहून उथळ, बाजूला गाई. बघायला सगळं सारखंच दिसतं, आणि नवा माणूस जिथे गाडी लावतो तिथेच तासभर लूर फेकत बसतो. पाईक पाठलाग करणारा शिकारी नाही. त्याचे पाठीवरचे आणि खालचे पर पार शेपटीजवळ असतात, ती रचना दबा धरून एकदाच सुटण्यासाठी. म्हणून चारीत जिथे काहीतरी बदलतं तिथे तो असतो: दोन चाऱ्या मिळतात तो कोपरा, शेतात जायच्या वाटेखालचा पाइप, पिवळ्या कुमुदिनीची पानं जिथे संपतात ती कड, लव्हाळ्यात पडलेली खाच, छोट्या पुलाची सावली. मधल्या शंभर मीटर सपाट पाण्यात वेळ घालवू नका. चालत राहा. एका जागी चार-पाच फेकी पुष्कळ.

पंपघर दिसलं की थांबा. पोल्डर समुद्रसपाटीच्या खाली असल्याने पावसाचं पाणी पंपाने वर चढवून बाहेर काढावं लागतं. मोठा पाऊस झाल्यावर पंप सुरू होतो, एरवी निपचित पडलेलं पाणी वाहू लागतं, रोचसारखे छोटे मासे त्या ओढीने पंपाकडे सरकतात आणि मागोमाग पाईक. थंडीतही तेच, फक्त कारण वेगळं: उथळ चाऱ्या गार पडल्या की छोटे मासे गावातल्या खोल पाण्यात, बंदरात, हाउसबोटींखाली गर्दी करतात. डिसेंबरात कुरणात भटकण्यापेक्षा गावात फिरा.

तिथली जमीन पीटची, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची, भुसभुशीत. तुमचं पाऊल पडलं की हादरा पाण्यापर्यंत पोचतो, आणि पाईकला तो अंगाच्या बाजूच्या संवेदनरेषेतून कळतो. काठापासून दोन पावलं मागे राहून चाला. पहिली फेक पलीकडच्या काठाकडे नाही, तर आपल्याच काठाला समांतर. मासा बहुधा तुमच्या पायाखालीच असतो. लूर ओढताना मध्येच एक क्षण थांबवा, मग पुन्हा. आणि लूर काठाशी आला की उपसून घेऊ नका. पाईक पुष्कळदा मागे मागे येतो आणि अगदी शेवटी ठरवतो. रॉडचं टोक पाण्यात घालून लूर एका बाजूला वळवा, दीड-दोन सेकंद जाऊ द्या. पाण्यात एक हिरवट सावली वळताना दिसली तर हात आखडू देऊ नका, तोच वेग चालू ठेवा.

झडप बसली की लगेच ओढ द्या. बेडूक घेतलेल्या मरळीला आपण दोन क्षण देतो, ते इथे विसरा. तुम्ही वाट पाहिलीत की पाईक लूर तोंडात फिरवून आत घेतो आणि ट्रेबल घशात जातो. दुसऱ्या माशाच्या वेळी तुम्ही थांबला होतात का, हे एकदा आठवून बघा.

आता लूर. तुमच्या डब्याचा फोटो पाहिला. त्यातले खोल जाणारे, पुढे लांब पट्टी असलेले वॉबलर (डगमगत पोहणारे, माशाच्या आकाराचे कडक लूर) बाजूला काढा. मीटरभर पाण्यात ते चिखल नांगरतात. पाईकची नजर समोर आणि वर असते, म्हणून लूर त्याच्या डोक्यावरून गेला पाहिजे, पोटाखालून नाही. पोल्डरसाठी तीन प्रकार पुरे. एक, स्पिनरबेट: तारेच्या कोनात एकच हुक आणि वर फिरणारी पाती, गवतातून सहसा न अडकता येतो आणि एकच हुक असल्याने काढायला सोपा. नव्या माणसाला मी हाच पहिला देतो. दोन, १० ते १३ सेंटीमीटरचा तरंगणारा, उथळ चालणारा वॉबलर. फिनलंडच्या लाउरी रापालाने १९३६ मध्ये बुचातून कोरलेल्या लूरची ही सगळी वंशावळ, आजही तोच जखमी माशासारख्या डगमगत्या चालीचा गुण काम करतो. तीन, वजन नसलेला किंवा अगदी हलका रबरी मासा, मोठ्या एकेरी हुकावर असा चढवलेला की टोक रबरात लपलं पाहिजे. कुमुदिनीच्या पानांवरून तो सरपटवत न्यायचा आणि पानांच्या कडेला आला की सोडून द्यायचा. तुमच्याकडचे मरळीचे रबरी बेडूकही जून महिन्यात इथे मस्त चालतात, पुढे वायर मात्र हवीच.

रंगाच्या चर्चेत लोक उगाच रात्री जागवतात. पाणी स्वच्छ असेल तर रोचसारखा रुपेरी, गढूळ असेल तर पिवळा-हिरवा-नारिंगी भडक. एवढं पुरे. आकाराकडे जास्त लक्ष द्या: १२ सेंटीमीटरच्या वरचा लूर पाईक सहसा घशापर्यंत नेत नाही, त्यामुळे चिमट्याचं काम कमी होतं. हिवाळ्यात मोठा आणि मंद, शरद ऋतूत जरा चपळ.

स्नूकबार्स आणि बार्सबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या घराच्या पश्चिमेला रिंगफार्ट आहे म्हणून सांगतो. हार्लेमरमेर हे अख्खं सरोवर १८५२ मध्ये कोरडं केलं, स्किपोल विमानतळ आज त्याच्या तळावर आहे, आणि ते पाणी उपसण्यासाठी भोवती खणलेला हा कालवा. खोल, गढूळ, बोटींनी सतत ढवळलेला, म्हणजे स्नूकबार्सला हवं तसं. हा मासा अंधुक प्रकाशात बघतो आणि तळाशी राहतो. १० ग्रॅमच्या आसपासचं जिग हेड (वजनदार डोक्याचा हुक), १० सेंटीमीटरचा रबरी मासा, तळाला टेकू द्यायचा, रीलच्या दोन फिरक्या, पुन्हा टेकू द्यायचा. झटका बहुधा खाली पडतानाच येतो, दोरीत एक बारीक ‘टक’ लागतो. याची किमान लांबी ४२ सेंटीमीटर. फिंकेफेनसारख्या खोल पाण्यात मात्र १० मीटरच्या खाली त्याच्या मागे लागू नका. वर आणल्यावर त्याची हवेची पिशवी फुगते आणि सोडला तरी खाली जाता येत नाही.

बार्स लहान, पण थव्याने असतो. ५ ते ७ सेंटीमीटरचं रबर, ॲम्स्टरडॅमच्या कालव्यांच्या भिंतीलगत, पुलांखाली. एक मिळाला की तिथेच थांबा. ऑफिस सुटल्यावरच्या तासाभरासाठी याहून सोयीचा मासा नाही. फक्त अंधार पडायच्या आत आवरा, रात्रीच्या मासेमारीचे नियम वेगळे आहेत आणि तपासनीस सायकलवरून नेमके तेव्हाच येतात.